हाताला हात

“क्रांते, माझ्या पायाचं उदय्याला सांगायचं न्हाई हं! घे माझी आण.”

सासूबाईंचा हा आवाज शिराळ्यापासून थेट छावणीपर्यंत, दोन दिवस क्रांतीच्या कानात होता. लढाई सुरू झाली त्या दिवशी मनुबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि जोतिबाला बोलल्या, “आता माझ्या लेकाच्या हातनंच पायात चढतील.” तेव्हापासून उसाच्या सरीत, वैशाखाच्या उन्हात बाई अनवाणी. तळव्यांना फोड आले. क्रांतीनं विनवून पाहिलं, रुसून पाहिलं. नवस म्हणजे नवस.

भेटीला तासच मिळाला होता. उद्या पलटण पुढं जायची होती. उदयसिंहानं डब्यातले दोन लाडू उभ्या उभ्याच संपवले, तिसरा तंबूच्या दाराशी गाडी घेऊन थांबलेल्या ड्रायव्हर सिद्धूला दिला. मग खाटेखालून एक पिशवी काढली. आत मऊ तळव्याच्या नव्या कोऱ्या चपला.

“आईला घाल.”

क्रांतीनं जीभ चावली. “मी कायसुद्धा बोलले न्हाई हं!”

“तू कशाला बोलतीस? टेहळणीवर असतो आमी. गुडघं दुखणारी बाई व्हिडिओ फोनवर रोज मांडी घालून, पाय पदराखाली झाकून बसतीया. आमाला कळायचं न्हाई व्हय?”

“पर त्या माझ्या हातनं घालायच्या न्हाईत. तुमच्याच हातनं, असं बोलल्यात देवाला.”

उदयसिंहाचा चेहरा उतरला. रजा बंद होत्या. कधी मिळतील, कुणालाच ठाऊक नव्हतं.

क्रांती चपलांकडं बघत बसली. मग एकदम हसली.

“आवं, लग्नानंतरच्या सत्यनारायणाला भटजी काय म्हणालं हुतं? बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा, म्हंजे एकानं केलं ते दोघांचं हुतंय.” तिनं उजवा हात पुढं केला. “लावा हात.”

“हे उलटं झालं की गं. देवाला चालंल?”

“लढाईत चालतंय.”

उदयसिंहानं हात धुतले. डोक्यावर टोपी घातली. डोळे मिटून आपला खरबरीत हात तिच्या हातावर ठेवला. तो जरा जास्तच वेळ राहिला. सिद्धूनं तोंड फिरवून उगाच गाडीची काच पुसायला घेतली.

स्टेशनवर सोडायला सिद्धूच आला. गाडी सुटायची वेळ झाली, तसा त्यानं राखून ठेवलेला आपला लाडू पुढं केला.

“वैनी, सकाळपासनं पोटात काय न्हाई तुमच्या. खावा.”

“आता घरीच.”

“घरी? दोन दिवस हायत की!”

“डाव्या हातानं जेवतंय का कुणी? आन् उजवा आता माझा एकटीचा न्हाई. आधी आत्तींच्या पायात चपला, मग दुसरं काम.”

क्रांतीनं पिशवी खांद्याला अडकवली आणि उजवा हात पदरात गुंडाळला.

“माझ्या जेवणाचं ह्यांना सांगायचं न्हाई हं, भावजी. घ्या माझी आण,” म्हणाली आणि डाव्या हातानं दांडा धरून गाडीत चढली.