तापाच्या खुणा

"महाराणी, डेंगी जाऊन चार महिने झाले! फेरी पूर्ण करा, नाहीतर कबड्डीची कॅप्टनशिप विसरा!" खुर्चीत बसूनच व्यायाम शिकवणारे पीटीचे सर गरजले.

अर्ध्या फेरीतच ऋजुताला धाप लागली. एरवी ती रडली असती. आज कमरेवर हात ठेवून वळली.

"सर, विषाणू गेला तरी रक्तातल्या पेशींवर त्याच्या खुणा राहू शकतात. जनुकं तीच, पण त्यांचं वागणं बदलतं."

"वा! पाढे राहत नाहीत लक्षात, खुणा बऱ्या राहतात!"

"तुमचा चिकनगुनिया तर दोन वर्षांपूर्वी गेला ना, सर? मग उठा की! बरोबरच पळू."

मैदानावरची पोरं खेळ सोडून बघू लागली. सर तावातावाने उठायला गेले आणि गुडघा धरून मटकन बसले.

"बघताय काय रे?" ते खेकसले. "कॅप्टनला खुर्ची आणा!"