बाबलच्या मोटारीचं गाऱ्हाणं

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला मसुऱ्याच्या बाबलने घरी बांधलेल्या मोटारीला पुढची जाळी बसवली. राहिलं बॉनेट. ते धरायला दुसरा माणूस हवा, पण हाक मारायची कोणाला? त्याने बॉनेट सुंभाने फणसाच्या फांदीला टांगलं आणि एकट्यानेच बोल्ट आवळले. या मोटारीसाठी जुन्या जीपचा सांगाडा आणला तेव्हा थोरला भाऊ, भाई, सोबत होता. मग वाटण्या झाल्या, अंगणात मधोमध दगडांचा गडगा उभा राहिला, आणि नऊ वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

बॉनेटपुढे नारळ धरून बाबलने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ही गाडी तुझ्या पायाकडे उभी केलंय. हिका खंय अडवू नको, हिच्यात बसतल्यांका सुखरूप घराक पोचव, रे म्हाराजा!"

इथे जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. अंगणात चिटपाखरू नव्हतं, तरी सवयीने तो थांबला.

गडग्यापलीकडून, तितक्याच सवयीने, भाईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"



मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बाबलने दुसरं गाऱ्हाणं सुरू केलं, जरा मोठ्याने.