पायावरची घोंगडी

दिनकरराव डाक्टरनं उकळत्या पाण्यातून सुरी काढली, खाटेवरच्या लिंबाजीकडं बघितलं, अन् खाली वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेला.

लिंबाजीच्या मायनं, बायनाबाईनं, झटक्यात लेकाच्या पायावर घोंगडी वढली.

"काय करायलास रं? सायेब लोक धनगराच्या पाया कवाधरनं पडायलेत? मढ्याच्या पडतेत तसं!"

लिंबाजीच्या काखेत गळू झालतं. पाच दिस ताप, हात कोपरापस्तोर टम्म. पाला बांधून झाला, डाग देऊन झाला. आज फोडलं न्हाई तर लेक हातचा जातो, एवढं तिलाबी कळत होतं. पण तिच्या दिरानं, सटवाजीनं, सेलूच्या बाजारात ऐकलं होतं. ह्यो डाक्टर हैद्राबादला मुर्दे चिरून शिकलाय म्हणं. म्हणून डाक्टर आल्यापासून ती त्याच्या हातावरची नजर काढीत नव्हती.

"मुर्दे चिरलास म्हणतेत. खरं हाय का?"

"खरं हाय, मावशी."

दारातला सटवाजी एक पाऊल मागं सरला.

"बेवारस होता एक," डाक्टर म्हणला. "नाव न्हाई, गाव न्हाई. पहिल्याच दिशी माझ्या हातनं त्याच्या काखेतली मोठी शीर तुटली. मास्तर उर्दूत वरडले, 'मार डाला!' अन् त्यो, मावशी, हूं न्हाई की चूं न्हाई. आधीच मेलेला, मी पुन्हा मारला. तवाधरनं सुरी धरली की आधी त्याच्या पाया पडतो. समोर पाय कुणाचे का असंनात."

"शीर तोडलीस?" बायनाबाईनं तेवढंच धरलं.

"म्हणून तर आता तुटत न्हाई."

"फोड मग. पण पायाला हात लावायचा न्हाई."

डाक्टरनं मान हलवली. काखेत बोटानं शिरंचा ठोका हुडकला. सुरी टेकवली. टेकवली तशीच उचलली. त्यानं सुरी परत पाण्यात ठिवली.

"हात चालंना, मावशी."

"आये," लिंबाजी कण्हला, "त्याला काय करायचं ते करू दे, न्हाईतर मला सरळ खड्ड्यात घाल!"

बायनाबाईनं डाक्टरच्या हाताकडं बघितलं. लेकाच्या हाताकडं बघितलं. मग आपणच घोंगडी काढली. भेगाळलेले, लेंड्या चिकटलेले पाय उघडे पडले.

"पड पाया. पण लिंबा, तू शिव्या दे. थांबू नगंस. तू जित्ता हाईस हे ह्येच्या ध्यानात राह्यलं पायजे."

डाक्टरनं वाकून पायाला हात लावला अन् सुरी घेतली. लिंबाजीनं डाक्टरच्या पणज्यापासून सुरुवात केली. सुरी आत गेली तवा त्यो असा वरडला की भाईरची मेंढरं उठून उभी राह्यली. पू भळाभळा आला. पिवळा येतोय का लाल, बायनाबाई डोळे फाडून बघायली होती. पिवळाच होता.

लिंबाजी दमून गप झाला. डाक्टरचा हात हाय तिथंच थांबला.

"बोला," त्यो म्हणला. मान वर केली न्हाई. "अजून एक शिवी द्या."