शिक्क्याचा कागद

“हे बारा क्रेडिट तुम्हाला मिळणार नाहीत, मिसेस बाउतिस्ता.” केसलरने निकालाचा कागद टेबलावरून परत सरकवला. “परीक्षा पास झालात, अभिनंदन. पण स्पॅनिश तुमची मातृभाषा. मातृभाषेची परीक्षा देऊन क्रेडिट घेता येत नाहीत. आमच्या विद्यापीठाचा नियम आहे तो.”

कागदावर ऐंशीपैकी सत्त्याहत्तर गुण होते. ‘वर्गात न बसता परीक्षा द्या, क्रेडिट मिळवा,’ असं याच ऑफिसच्या दारावर बोटभर जाड अक्षरांत छापलेलं होतं. त्या भरवशावर ओतिलिया बाउतिस्ताने इतिहासाची परीक्षा दिली, मानसशास्त्राची दिली. फ्रेस्नो शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत ती मदतनीस होती. दिवसभर पोरांची नाकं पुसायची आणि घरी येऊन पुस्तक उघडायचं, असं सहा वर्षं चाललं होतं. ही शेवटची परीक्षा. ऑगस्टपासून स्वतःचा वर्ग देते, असं मुख्याध्यापिकेने कबूल केलं होतं. अट एकच, जूनपर्यंत पदवी हातात हवी.

“मग मी काय करू?”

“दोन सेमिस्टर दुसरी एखादी भाषा घ्या. फ्रेंच सोपी असते म्हणतात.”

दोन सेमिस्टर म्हणजे जून गेला आणि वर्गही गेला.

केसलर माणूस वाईट नव्हता. नियमावर बोट ठेवून बसणारी माणसं बहुधा वाईट नसतात, हीच तर पंचाईत आहे. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, “अहो, या परीक्षांचं मोल मला ठाऊक आहे. लष्करात असताना मीही दिल्यात. इंग्रजी निबंधाचे सहा क्रेडिट मिळाले, म्हणून तर आज या खुर्चीत आहे.”

“तुमची मातृभाषा कोणती, सर?”

“इंग्रजी. म्हणजे काय!” बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. “ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. प्रवेशअर्जात ‘घरी बोलली जाणारी भाषा’ या रकान्यात तिनेच स्पॅनिशवर खूण केली होती.

“यादीत आमची भाषाच नव्हती. चिनी होती, व्हिएतनामी होती, आमची नाही. आम्ही मिश्तेक आहोत. मेक्सिकोच्या डोंगरातले. घरात मिश्तेकच बोलतो. स्पॅनिश मी शाळेत शिकले, तुमची मुलं फ्रेंच शिकतात तशी. मार तेवढा जास्त खाल्ला.”

“मग तसा कागद आणा,” केसलर म्हणाला. “शाळेचा. परवा फाइल बंद होतेय.”

ती घरी आली ती धुमसतच. तवा शेगडीवर आदळला. तिची आई खुर्चीत बसून राजमा निवडत होती.

“तवा फोडतेस का आता?”

“फोडेन नाही तर काय करेन? तिकडे स्पॅनिश येत नाही म्हणून नापास केलं, इकडे येते म्हणून नापास! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. वर म्हणतात, शाळेचा कागद आणा. तीस-पस्तीस वर्षांमागचा कागद कुठून आणू?”

आई उठली. भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीमागून तिने प्लास्टिकची एक पिशवी काढली. कागद म्हटला की ती कधी फेकत नसे. सीमा ओलांडून आलेल्या माणसाला कोण कधी कोणता कागद मागेल, याचा नेम नसतो. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता.

“हे बघ. तुझ्या मास्तरांनी दिलेलं. केवढा गोल शिक्का आहे! तू हुशारच होतीस, ओती. तीन वर्षांची पहिली तू तीन वर्षांतच पुरी केलीस. शेजारच्या बेनितोला चार लागली.”

गावातल्या सगळ्याच पोरांना पहिलीला तीन वर्षं लागत. आईला वाटे, पहिली असतेच तेवढी. ओतिलियाने कागद वाचला. ते तिचं प्रगतिपुस्तक होतं. आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिने एवढंच म्हटलं, “हो, छान शिक्का आहे.”

दुसऱ्या दिवशी केसलरने प्रगतिपुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. “स्पॅनिशमध्ये आहे. मला येत नाही. तुम्हीच सांगा काय लिहिलंय.”

ओतिलियाने उभ्यानेच, एकेक शब्द इंग्रजीत करून मोठ्याने वाचलं. “इयत्ता पहिली, वर्ष दुसरं. विषय स्पॅनिश. नापास. शेरा: मुलीला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. विचारलं तर तोंड उघडत नाही. मंदबुद्धी असावी.”

केसलरचा चेहरा उजळला. “वा! याहून पक्का पुरावा कोणता हवा?” त्याने भराभरा झेरॉक्स काढली, ठाक्‌कन शिक्का मारला. बाराच्या बारा क्रेडिट जमा झाले. आपण या बाईचं केवढं काम केलं, या आनंदात तो खुर्चीत मागे रेलला. नुकतंच काय ऐकलं, ते त्याच्या डोक्यातही राहिलं नव्हतं.

“मग, कोणती इयत्ता देताहेत तुम्हाला?”

“पहिली.” ओतिलियाने कागद पिशवीत ठेवला. “आमच्या गावाकडची पोरं आहेत त्यात, स्पॅनिशही न येणारी. तीन वर्षं बसलेय मी त्या वर्गात, सर. कोण मंद आणि कोण नुसतं गप्प, ते मला बरोबर कळतं.”