चाकू मिटण्याचा आवाज

"हाही नको," रेजीस म्हणाला आणि त्यानं सातवा चाकू काउंटरवर ठेवला.

म्हाताऱ्या वालादिएनं चष्मा कपाळावर सरकवला. "चाकू घेतोयस की लग्नाची मुलगी बघतोयस? रोज खिशात बाळगायला हवाय ना? मग धार बघ, मूठ हातात बसते का बघ. तू आपला उघडतोस, मिटतोस आणि कान लावून बसतोस."

"स्वस्तातलाच दाखवा. पण मिटताना मोठा वाजला पाहिजे."

"चाळीस वर्षं दुकान चालवतोय. आवाजाचं गिऱ्हाईक आजच बघितलं. आणि असा आपटून मिटू नकोस रे बाबा, धार मरते पात्याची."

रेजीसच्या बापाच्या, लेऑन्सच्या, चाकूची धार अशीच मेली होती. दुपारचं जेवण झालं की लेऑन्स पातं पावाच्या तुकड्याला पुसायचा आणि चाकू खाडकन मिटायचा. वाजला की जेवण संपलं. कुणाच्या बशीत काय उरलंय ते कोण बघतो, सगळ्यांनी उठायचं. आणि तो वाजण्याआधी उठायची कुणाची टाप नव्हती. फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर घरोघरी हेच. चाकू मिटणार तो घराचा धनी, आणि गाई, गवत, कर्ज, छपराची गळती सगळं त्याच्याच गळ्यात. रेजीस लहानपणी बापाच्या हातावर डोळा ठेवून भराभर गिळायचा. विसाव्या वर्षी तो क्लेर्मोंला कारखान्यात पळाला, तो निम्मा त्या आवाजापायी. शहरात गेल्यावर खिशात चाकू बाळगणंही त्यानं सोडून दिलं.

तीन आठवड्यांपूर्वी लेऑन्स गेला. चाकूशिवाय त्यानं कधी उंबरा ओलांडला नव्हता, म्हणून शवपेटीत रेजीसनंच तो त्याच्या कोटाच्या खिशात घातला. मग आई म्हणाली, दोन मिनिटं मला एकटीला बसू द्या त्यांच्यापाशी. सगळे बाहेर आले. थोड्या वेळानं पेटीला झाकण लागलं.

दुसऱ्या दिवशी आई, मारिनेत, जेवायला बसली ती उठेना. बशीतलं सूप सुकलं, चीजच्या कडा वाळल्या, तरी मारिनेत आपली जागच्या जागी. एक हात एप्रनच्या खिशात, नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर. रोजचं हेच झालं. अंधार पडला की रेजीस तिला उचलून बिछान्यावर न्यायचा. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते.

"आई, ऊठ गं. झालं जेवण."

"कुठं झालं? चाकू मिटला का कुणी?"

नवरा कुठं आहे, हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, डोक्यानं ती अजून वाट बघतेय त्यांची. वृद्धाश्रमात एक जागा होती. सोमवारी घेऊन या, पण स्वतःच्या पायांनी चालत आली तरच घेऊ, असं तिथल्या लोकांनी बजावलं होतं. आणि मंगळवारी सकाळी रेजीस कारखान्यात हजर झाला नाही तर नोकरी जाणार होती. क्लेर्मोंला त्याच्यासोबत राहणारी मिरेय आता फोनवरसुद्धा दोनच शब्द बोलायची. गाईंना गिऱ्हाईक मिळालं होतं. सगळं घोडं आईच्या उठण्यापाशी अडलं होतं. आणि आईला तो आवाज हवा होता. बस, एवढंच.

नववा चाकू साध्या लाकडी मुठीचा होता, दुकानातला सगळ्यात स्वस्त. रेजीसनं तो मिटला आणि आपोआप ताठ उभा राहिला.

"हाच."

"पोलाद सुमार आहे," वालादिए म्हणाला. "स्प्रिंग तेवढी कडक."

"चालेल. एकदाच लागणार आहे."

"रोजच्याला हवा म्हणालास ना?"

रेजीसनं पैसे ठेवले आणि तो बाहेर पडला.

आई दुपारपासून टेबलापाशीच होती. दाराजवळ त्याची बॅग भरून ठेवलेली. चाकू कुठून वाजवावा, यावर तो जरा घुटमळला. आवाज जिथून यायचा तिथूनच यायला हवा. त्यानं बापाची खुर्ची ओढली. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं त्याला आठवत नव्हतं. तो बसला. पावाचा एक तुकडा कापला, कसाबसा गिळला, पातं पुसलं.

चाकू खाडकन मिटला.

मारिनेतनं टेबलावर हात टेकला आणि ती उठली. डगमगली, पण उभी राहिली. रेजीसला रडूच फुटलं. बिचारीला आपण फसवलं, याची त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त, सुटलो, असं वाटलं. सोमवारी संध्याकाळी तो मिरेयकडे असणार होता.

आईनं बश्या गोळा करून मोरीत ठेवल्या. मग पाय ओढत दारापाशी गेली, त्याची बॅग उचलली आणि जिन्याकडे निघाली.

"बॅग कुठं नेतेस, आई?"

"वर. तुझ्या बापाच्या खोलीत."

"आई, ऐक. बाबा आता..."

"तीन आठवडे झाले त्यांना पुरून. मला काय वेड लागलंय?" बॅग पहिल्या पायरीवर ठेवून ती परत आली. "मी तुझीच वाट बघत होते. किती दिवस लावलेस त्या खुर्चीवर बसायला."

तिनं नवा चाकू उचलला, तळहातावर जोखला आणि बाजूला सारला.

"हलका आहे हा. परत देऊन ये."

मग तिनं एप्रनच्या खिशातून लेऑन्सचा चाकू काढला आणि रेजीसपुढे ठेवला.

"तुझा हा. ऊठ, गाई खोळंबल्यात."