सोळा तासांचं सासर

"लेक अशी द्यावी गो बाय, तिच्या चुलीचा धूर आपल्या अंगणातून दिसावा," असं मृणालिनीला सासरी धाडताना तिची रत्नागिरीची आई म्हणाली होती. लेक रसिकाला अमेरिकेतल्या एका खेड्यातून स्थळ आलं, तेव्हा तेच वाक्य मृणालिनीच्या ओठाशी येऊन थांबलं.

मुलाकडच्यांना उद्या शब्द द्यायचा, म्हणून तिच्या नवऱ्याने, आत्मारामने, नाक्यावरच्या सायबर कॅफेतून कागदच छापून आणला. विमानाचं अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर त्याने एका बाजूला आपल्या गावचा विमानतळ टाकला होता आणि दुसऱ्या बाजूला मुलाच्या गावचा. एकीकडे प्रवासी विमान येत नाही आणि दुसरीकडे शेतावर औषध फवारणारी विमानं तेवढी उतरतात, हे ना वेबसाइटने विचारलं, ना आत्मारामने सांगितलं.

"तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. बस्स," तो कागद नाचवत म्हणाला. "अगं, गणपतीत एसटीला तुझ्या माहेरी पोचायला याहून जास्त लागतात. अमेरिका जवळ पडतेय आपल्याला. लेकीची आठवण आली, की उठायचं आणि जायचं. आता हो म्हणून टाक."

रसिका दारात उभी राहून आईकडे बघत होती. मृणालिनीने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली.



"अहो, माझं माहेर एरवी दहाच तासांवर आहे. तुमचं 'पुढच्या मे महिन्यात बघू' ऐकून मी निघालेय, त्याला चौदा वर्षं झाली. अजून पोचले नाही."