खंडेनवमीचा कीबोर्ड

"सातवीत शाळा सोडली की असंच होतं, सुदर्शन. दोन ओळी टाईप करता येईनात तुला," मालक तात्यासाहेब माझ्यावर खेकसले.

"माझे हात बघा की, वर हायेत," मी पण ओरडलो.

हात वरच व्हते, अन् स्क्रीनवर 'हार्दिक स्वागत'च्या पुढं ककककक आपोआप उमटत व्हतं. मशीन बंद करून चालू केली, नवी फाईल घेतली, कीबोर्डची वायर पण काढली, तरी क थांबंना. गिऱ्हाईक याह्याभाई बॅनरसाठी दुकानातल्या बाकड्यावर बसून व्हते. बजाजनगरात उद्या त्यांच्या दुकानाचं उद्घाटन. आज बॅनर नाय झाला तर उद्यापासून येऊ नको, असं मालकानं मला तोंडावर सांगितलेलं.

आज खंडेनवमी. पुजलेल्या हत्याराला आज हात लावत नाय, म्हणून तात्यासाहेबांनी डोकं लावलं. जुना वायरलेस कीबोर्ड देवापुढं पुजला अन् धंद्यासाठी नवा वायरवाला आणला. जुन्याचा सिग्नल पकडणारी चिप मशीनलाच राहिली, तिला पण हळदकुंकू.

मी वर देवाच्या फळीकडं बघितलं. जुन्या कीबोर्डवर पूजेचा नारळ बसलेला, बरोबर क वर.

"तात्यासाहेब, सुट्टीच्या दिवशी देवालाच कामाला लावलं तुम्ही."

"पूजेतलं उद्यापर्यंत काय बी हलवायचं नाय. नारळ नाय अन् चिप पण नाय."

मी नारळ उचलला, तसा क थांबला, अन् नारळ पायरीवर फोडला.



"याह्याभाई, खोबरं घ्या अन् बॅनर तेवढा तुम्हीच छापून घ्या. मी निघतो, तात्यासाहेबांना चप्पल सापडली."